खाटेखालच्या विटा

मामाजी,

परवा तुमचा जलदान विधी झाला. विहारातली माणसं आली, वंदना झाली, आणि मग एकेक जण तुमच्या फोटोपुढे फूल ठेवून वाकायला लागला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. प्रत्येक वाकणाऱ्या पाठीसोबत मला तुमचा दम दिल्यासारखा आवाज ऐकू येत होता. फोटो कमरेपर्यंतचाच आहे, पाय त्यात आलेले नाहीत. प्रशांतने तो मुद्दाम तसा निवडला की हाताला लागला तो लावला, मी विचारलं नाही.

तुमच्या पायांवरून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण मी हिंदीत काही सांगितलं की तुम्ही ‘मराठीत सांग’ म्हणायचात, आणि मराठीत सांगितलं की त्यातले हिंदी शब्द तांदळातल्या खड्यांसारखे वेचून दाखवायचात. आता वेचा बसून.

सुरुवात लग्नाच्या दिवशीच झाली होती. माझं माहेर मूळचं भंडाऱ्याकडचं, कुणब्याचं घर. माझे बाबाही तुमच्याच भिलाईच्या स्टील प्लांटात, खातं फक्त वेगळं. आमच्याकडे परीक्षेला निघालं की मोठ्यांच्या पाया पडायचं, नवा फ्रॉक घातला की पाया पडायचं, पाहुणा आला तरी आणि गेला तरी. तुमच्या मुलाशी, प्रशांतशी लग्न करायचं म्हटल्यावर बाबांनी बोलणं टाकलं. विहारातल्या लग्नाला ते आलेच नाहीत. आई आली आणि शेवटच्या रांगेत बसली. वडिलांच्या जागी आता सासरेच, असं मनाशी म्हणत मी तुमच्यापुढे वाकले, तर तुम्ही चटका बसल्यासारखे मागे सरलात आणि खुर्चीवर आदळलात.

“माणसानं माणसाच्या पाया पडाचं नसते,” तुम्ही म्हणालात. “सरळ उभी राह्य. जय भीम म्हन.”

मी म्हटलं. तुम्ही कानाला हात लावून म्हणालात, “आयकू नाही आलं. जोरानं म्हन.” दुसऱ्यांदा तर माझा आवाज आणखीच बारीक झाला आणि सगळे हसले. तेव्हापासून मी या घरात कुणापुढे वाकले नाही. माझ्या पाठीला एवढा आराम माहेरी कधी नव्हता, असं मी तुम्हाला चिडवायची.

यामागची गोष्ट तुम्ही मला कितीतरी वर्षांनी, बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवता ठेवता सांगितलीत. तुमचे वडील गावच्या जमीनदाराकडे, मालगुजाराकडे काही मागायला गेले की ओसरीखाली मातीत बसायचे. मालगुजाराच्या पायाला हात लावायचीही सोय नव्हती, पाय बाटला असता. म्हणून बाहेर काढून ठेवलेल्या जोड्यांसमोर डोकं टेकायचं. तुम्ही तेव्हा त्यांच्या मागे उभे असायचात. भिलाईला नोकरी लागल्यावर तुम्ही मनाशी धरलंत, की कुणाच्या पायाशी जायचं नाही आणि आपल्या पायाशी कुणाला येऊ द्यायचं नाही. तुमची ही गोष्ट मला तेव्हा पटली होती. आजही पटते. म्हणून तर राग जास्त येतो.

शुगर तुम्हाला नोकरीत असल्यापासूनच होती. जिलबी मात्र तुम्ही ‘एकच’ म्हणून खायचात, आणि ती एक कधी संपायची नाही. पायाची गोष्ट अशी चोरपावलानं आली. एकदा तुम्ही वैशाली नगरच्या बाजारातून एका पायात चप्पल घालून घरी आलात. दुसरी वाटेत कुठे निसटली ते तुम्हाला कळलंच नव्हतं. आपण सगळे पोट धरून हसलो. तुम्ही तर ऐटीत सांगत होतात, की प्लांटातल्या प्लेट मिलच्या तापलेल्या जमिनीवर उभं राहून राहून पाय पक्के झाले, आता काटाही टोचत नाही.

मग एका सकाळी मला बाथरूमच्या फरशीवर तुमचा दाढीचा आरसा सापडला. बाजूला ओला कापूस आणि एक तपकिरी बाटली. आणि एक वास, जो मी त्याआधी कधी घेतला नव्हता पण ओळखला लगेच. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, काही नाही, घट्ट्याला जरा चीर पडली. अंगठ्याच्या खाली तळव्याला जखम होती. पोट आडवं येई म्हणून पाय वळवून ती दिसत नव्हती. तुम्ही फरशीवर आरसा ठेवून, भिंत धरून, त्यात पाहून ती धूत होतात. किती दिवसांपासून, ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखमेवर टाकलं की पांढरा फेस उसळायचा. त्या फेसावर तुमचा केवढा विश्वास! तुम्ही मला मिलचा दाखला दिलात, की लाल प्लेट भट्टीतून निघते तेव्हा तिच्यावर पपडी असते, पाण्याचा जोरदार फवारा मारला की ती उडते, आणि मग प्लेट चकचकीत होते. “झाग येऊन राहिला म्हंजे मळ निघून राहिला,” असं तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत की क्षणभर मलाही पटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि जखमेच्या कडेचा जाड झालेला घट्टा पात्यानं कापून काढायला सुरुवात केली. तुम्ही खुशाल पेपर वाचत होतात. डॉक्टर मधूनच तुमच्याकडे पाहायचे, दुखतंय का विचारायचे, आणि तुम्ही पान उलटत ‘नाही’ म्हणायचात. प्रत्येक ‘नाही’बरोबर त्यांचा चेहरा उतरत होता. काम संपलं तेव्हा मसुराएवढी दिसणारी जखम रुपयाएवढी झाली होती. तुम्ही आरसा मागितलात, पाहिलंत आणि भडकलात. लहान जखम मोठी करून ठेवली, आता मी इथे पाऊल टाकत नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, की जखमेचं तोंड लहान होतं, पोट आधीपासूनच मोठं होतं. मेलेलं मांस आत राहिलं तर वरून कितीही धुवा, उपयोग नाही.

ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरनं मग मला धुण्याची रीत दाखवली. फेस आणणारं औषध बंद, कारण ते नव्यानं येणाऱ्या मांसालाही खातं. फक्त सलाईन, म्हणजे दवाखान्यातलं निर्जंतुक मिठाचं पाणी. ते सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरायचं आणि हळू धार सोडायची, सगळी घाण आपणहून बाहेर येईपर्यंत. घासायचं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. मऊ जाळी ठेवायची, पट्टी आवळायची नाही. आणि घरातसुद्धा अनवाणी पाऊल टाकायचं नाही. “बच्चे को नहलाते हैं, वैसे,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, की घरी रोज कोण करणार. प्रशांत जामुलच्या सिमेंट कारखान्यात, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, आणि उघडं मांस पाहिलं की तो पांढराफटक पडतो. मी म्हटलं, मी करणार.

घरी पोचल्यावर म्हणालात, “मले कोनाकून पाय धुवून घ्याचे नाहीत.”

मी समजावलं की हे पाय धुणं नाही, ड्रेसिंग आहे. तुम्ही मान हलवलीत. मी चिडले. तेव्हा मनातलं खरं कारण बाहेर आलं. “तुह्या बापाले समजलं का त्याची पोरगी इथं येऊन माहे पाय धुते, तं काय म्हनन तो? पोरगी नेली आन पायाशी बसवली, असंच ना? मी त्याच्या तोंडी हा शब्द येऊ देनार नाही.”

मामाजी, माझ्याशी न बोलणाऱ्या माझ्या बापाच्या मनात न आलेल्या शब्दापायी तुम्ही आपला पाय पणाला लावलात.

तुम्ही कॉलनीतला एक कंपाउंडर लावून घेतलात. परका माणूस, कामाचा माणूस, त्याच्या हातात पाय द्यायला तुमची हरकत नव्हती. त्यालाही तुमच्यासारखाच फेसाचा शौक. आधी फेस, मग लाल औषध, मग कचकून पट्टी. मी दारातून ओरडायची की सलाईन वापरा, तर तुम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसायचात. मिठाचं पाणी वरणात टाकायचं असतं, त्यानं कुठे जखम साफ होते? ना झोंबत, ना उसळत, म्हणजे करतं तरी काय? घरात चप्पल घाला म्हटलं की तुम्ही ती दारातच काढून यायचात. जखमेच्या कडा पांढऱ्या पडत गेल्या. मग अंगठा काळा झाला. कोरडा, टणक काळा. तुम्ही खुशीत मला हाक मारलीत, की पाहा, खपली धरली.

खपली नव्हती ती. अंगठा मेला होता. तो काढावा लागला. तुम्ही वॉर्डात झोपलेले असताना डॉक्टरांनी प्रशांतला आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, की पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नाही, गुडघ्याखालून काढावा लागेल. तेवढं ऐकलं आणि मी ठरवलं, आता तुमची परवानगी मागायची नाही.

घरी आल्यावर मी सलाईनची बाटली, सिरिंज, जाळी, सगळं ताटात मांडून तुमच्यासमोर आणलं आणि पाटावर बसले. तुम्ही पाय ओढून घेतलात. मी म्हटलं, “पाय तुमचा असेल मामाजी, पण ही जखम आता घराची आहे. मी उठणार नाही.” तुम्ही भिंतीकडे पाहत राहिलात. मीही हट्टानं बसून राहिले. चहा निवला. मग तुम्ही प्रशांतला हाक मारून विचारलंत, की मागची खोली बांधली तेव्हाच्या विटा उरल्या आहेत का.

आम्हाला वाटलं, डोकं फिरलं यांचं. पण तुम्ही त्याच्याकडून खाटेच्या चारही खुरांखाली विटा रचून घेतल्यात. खाटेवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून लेव्हल पाहिलीत, एक कोपरा उंच झाला म्हणून पुन्हा करायला लावलंत. मग त्याच्या आधारानं वर चढून पालथे झोपलात. पाय उशीवर, तळवा माझ्याकडे. मला खुर्ची घ्यायला लावलीत. तळवा बरोबर माझ्या छातीपर्यंत आला होता.

“आता धू,” तुम्ही उशीत तोंड खुपसून म्हणालात. “पन वाकाचं नाही.”

त्या दिवशी मी जखम धुताना रडले ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुमचं तोंड भिंतीकडे होतं. आज सांगते, रडण्यात अर्धा राग होता. हे चार विटांचं काम होतं. अंगठा होता तेव्हा का नाही सुचलं?

मग ते रोजचंच झालं. मी हात धुऊन मोजे चढवायची, जुनी जाळी भिजवून अलगद सोडवायची, धार सोडायची. पालथे असल्यामुळे तुम्हाला माझा चेहरा दिसत नसे, आणि म्हणूनच बहुधा तुम्ही बोलायचात. प्रशांतच्या आई, आमच्या आत्याबाई, गेल्या तेव्हा तुम्ही कुणाशी काही बोलला नव्हतात, ते सगळं त्या खाटेवर आलं. त्यांना तुमच्या बुटांचा आवाज फाटकापासून ओळखू यायचा, हेही. बोलता बोलता एकदम विचारायचात, “वाकून राहिली का?” मी म्हणायची, नाही, ताठ बसलेय. खोटं होतं मामाजी. जखमेचा तळ पाहायचा तर मान खाली घालावीच लागते. तुम्हाला ते ठाऊक असावं असा मला संशय आहे, कारण तुम्ही वळून कधी पाहिलं नाहीत.

आणि सलाईनला तुम्ही शेवटपर्यंत वरणाचं पाणीच म्हणत राहिलात. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस भरायला लागलं, सिस्टरनं माझ्या हाताचं कौतुक केलं, तरी तुमचं आपलं एकच, की थोडा झाग असता तर लवकर भरली असती.

बाबा आले तो दिवस. आईनं काय सांगितलं, कसं सांगितलं, ठाऊक नाही. कुम्हारीच्या घरून बसनं आले, हातात पेरूंची पिशवी, फाटक उघडंच होतं. माझ्या एका हातात तुमची टाच होती, दुसऱ्यात सिरिंज. दारात त्यांना पाहून माझ्या तोंडून ‘बाबा’ निघालं. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदाच या घराच्या उंबऱ्यावर उभे होते, आणि पाहत काय होते, तर तुम्हाला ज्याची धास्ती होती तेच. त्यावरून तुम्ही ओळखलंत. पाय झटकन ओढायला गेलात. मी टाच घट्ट धरून ठेवली.

“हलू नका,” मी म्हटलं.

बाबांनी पिशवी खाली ठेवली. खाटेकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, जखमेकडे पाहून डोळे बारीक केले. मग खिशातून मोबाइल काढला. “तुले दिसून राहिलं का इथं? अंधार हाय,” ते मला म्हणाले. “थांब, मी बॅटरी धरतो.”

त्यांनी धरली. उजेड थरथरत होता. मी आतली सगळी घाण बाहेर येईपर्यंत धार सोडली, जाळी ठेवली, पट्टी बांधली. तुम्ही उशीतूनच, न वळता आपल्या व्याह्यांना म्हणालात, “इवाई, चहा घेऊन जा.” आणि बाबांनी घेतला. ते गेल्यावर मला वाटलं तुम्ही काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही म्हणालात, त्याचा हात हलतो, डोळे पण तपासून घे म्हणावं. त्या दिवशी तुम्ही मला ‘वाकून राहिली का’ विचारलं नाहीत.

त्यानंतरच ताप आला. दातावर दात वाजत होते, तीन गोधड्या पुरेनात. जखम वरून इतकी चांगली दिसत होती की मी सिस्टरला ती कौतुकानं दाखवणार होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला, तर आतलं हाड सडलं होतं. मी विचारलं, माझ्या धुण्यात काही चुकलं का? ते म्हणाले नाही, हाडात हे बहुतेक आधीपासूनच होतं. आधीपासून म्हणजे आरशाच्या, बाटलीच्या, कंपाउंडरच्या दिवसांपासून. पाय काढायचं ठरलं, आणि त्याच्या आधीच तुम्ही गेलात.

आता मी कुणाशी भांडू? तुमच्या तत्त्वाशी भांडवत नाही. त्या तत्त्वानं मला या घरात मान दिला, माझ्या मुलीला कुणापुढे वाकू न देता वाढवलं. पण पाय हातात घेतला म्हणजे माणूस खाली गेला, हे तुम्हाला त्या मालगुजाराच्या ओसरीनं शिकवलं होतं, विहारानं नाही. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. जखम भरली की म्हणेन, असं ठरवून ठेवलं होतं. तुम्ही यावर काहीतरी तिरकस बोलला असतात, मी चिडले असते, आणि दोन दिवसांनी तुम्ही विटांसारखी काहीतरी तोड काढली असतीत. तेवढा वेळ तुम्ही ठेवला नाहीत. मला तुमचा राग आहे मामाजी. आणि रोज सकाळी त्या वेळेला हात आपोआप साबणाकडे जातात.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा दवाखान्यातली पट्टी भिजून पिवळी झाली होती. पांढरे कपडे घालायची तयारी चालली होती. मी प्रशांतला म्हटलं, त्यांना आधी त्यांच्या खाटेवर ठेव. विटा होत्याच. मी ताट आणलं. तुमची बहीण मला म्हणाली, “आता कायले वं बाई? आता काय दुखते त्याले?” मी म्हटलं, आत्या, आधी तरी कुठे दुखत होतं?

या वेळी तुम्ही पाठीवर होतात, चेहरा वर. खुर्चीत ताठ बसून मी सलाईनची धार सोडली, जशी रोज सोडायची तशी. लाल दाणे तसेच होते. बेचक्या कोरड्या केल्या, नवी जाळी, नवी पट्टी, न आवळता. खोली माणसांनी भरली होती, बाबा दाराशी उभे होते. शेवटची चिकटपट्टी लावली आणि माझ्या मनात आलं, की आता कोण अडवणार आहे? कपाळ आणि तुमचा पाय यांच्यात वीतभर अंतर होतं. तुमच्याविषयी जे जे म्हणायचं राहिलं ते सगळं त्या वीतभरात मावलं असतं.

मी वाकले नाही. टाच उशीवर नीट ठेवली, उभी राहिले आणि जय भीम म्हटलं. लग्नात म्हटलं होतं तसं नाही. असं, की ओसरीवरची माणसं आत डोकावली.

मग सगळी खोली एकदम म्हणाली, जय भीम. त्यात दाराकडून एक आवाज जरा मागून आला, अडखळत, सवय नसलेला. तो माझ्या बाबांचा होता.